पेटीच्या घरात पियानो: अगदी कोऱ्या पाटीनं शिकायला बसणाऱ्यांसाठी

आमच्याकडं डिजिटल पियानो आला त्या दिवशी अप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, तो चारी बाजूंनी न्याहाळला आणि विचारलं, "अगं, भाता कुठंय याचा?" पंचवटीतल्या भजनी मंडळात पेटी वाजवण्यात त्यांची हयात गेलेली.

"याला भाता नसतो अप्पा."

"मग सूर धरायचा कसा?"

मी तेव्हा हसले. सहा महिन्यांनी कळलं, की प्रश्न अगदी नेमका होता. पियानोवर सूर धरता येतच नाही. पेटीत पट्टी दाबलेली आहे आणि हवा आहे तोवर सूर तेवढाच वाजत राहतो. पियानोत पट्टी दाबली की आत नमद्यानं मढवलेली एक हातोडी तारेवर आपटते आणि लगेच मागं येते. सूर उमटतो आणि त्याच क्षणापासून विझायला लागतो. नारोशंकराच्या घंटेवर टोला पडला की पुढं त्या आवाजाचं आपण काही करू शकत नाही, जे करायचं ते टोला देतानाच. पियानोची जात तीच.

मी शिक्षिका नाही. अडतिसाव्या वर्षी सुरुवात केली, पहिलं वर्ष बरंचसं वाया घालवलं, आणि आता इंदिरानगरात आजूबाजूचे लोक "आम्हीही शिकू का?" असं विचारतात. त्यांना जे सांगते तेच इथं क्रमानं लिहिते आहे. पेटी, कॅसिओ, हिंदी गाणी या वाटेनं पियानोकडं येणाऱ्या मराठी माणसाला डोळ्यासमोर ठेवून.

आधी वाद्य, आणि ते दुकानात कसं तपासायचं

आपल्याकडं कुठलाही कीबोर्ड म्हणजे सरसकट 'कॅसिओ', मग तो यामाहाचा असो की आणखी कुणाचा. माझा पहिलाही असाच. दुकानदारानं शेकडो आवाज ऐकवले: बासरी, व्हायोलिन, घोड्याच्या टापा. मी भुलले. आठ महिन्यांनी एका ओळखीच्या बाईंच्या घरी खऱ्या पियानोवर बसले तर बोटांना काही म्हणजे काही येत नव्हतं. हळू दाबलं की आवाजच येईना, जोरात दाबलं की घर दणाणलं. माझ्या कीबोर्डवर पट्टी कशीही दाबा, आवाज एकसारखाच येत होता. पियानोच्या दृष्टीनं ते आठ महिने मी दारावरची बेल वाजवत होते.

१७०० च्या सुमारास इटलीतल्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीनं हे वाद्य घडवलं. त्याचं पूर्ण नाव पियानोफोर्ते, अर्थ 'हळू-जोरात'. बोटाच्या जोरानुसार आवाज लहानमोठा होतो, हीच त्याची नवलाई होती. तेव्हा दुकानात पहिली परीक्षा याचीच घ्या. एकच पट्टी आधी मांजराच्या पावलानं दाबा, मग ठोकून दाबा. फरक ऐकू आला नाही तर दुकानदाराला 'टच' चालू करायला सांगा, कारण काही वाद्यांत तो सेटिंगमधून बंद असतो. चालू करूनही फरक पडला नाही, किंवा अशी सोयच नसली, तर ते वाद्य मुलांच्या वाढदिवसाला ठीक आहे, शिकायला नाही.

पूर्ण पियानोला ८८ पट्ट्या असतात, ५२ पांढऱ्या आणि ३६ काळ्या. सुरुवातीला तेवढ्या लागत नाहीत. पूर्ण रुंदीच्या ६१ पट्ट्या, टच, पेडल (पायानं दाबून सूर लांबवायची खटकी) जोडायला खाच आणि हेडफोनची सोय असेल तर पहिलं वर्ष आरामात निघतं. परवडत असेल तर मात्र वजनदार, म्हणजे दाबायला खऱ्या पियानोसारख्या जड, पट्ट्यांचा ८८ वाला डिजिटल पियानो घ्या. किंमत साध्या कीबोर्डच्या सहज तिप्पट जाते, पण बोटं पहिल्या दिवसापासून खऱ्या वजनावर तयार होतात. आवाजांची संख्या, ठेके, लुकलुकणारे दिवे यांच्याकडं ढुंकूनही बघू नका. पेडल घेताना प्लास्टिकचं चपटं बटण नको, पायाखाली सरकतं. जड, खऱ्या पेडलच्या आकाराचं घ्या.

देवळालीच्या एखाद्या जुन्या बंगल्यातला लाकडी पियानो स्वस्तात मिळतोय, असा निरोप कधी तरी येईल. मोह होतोच, मलाही झाला होता. पण आत सव्वादोनशेच्या आसपास तारा असतात, त्यांचा एकत्रित ताण कित्येक टनांचा असतो, आणि सगळा भार लोखंडी चौकट नि लाकडावर. आपल्या पावसाळ्यात लाकूड फुगतं, डिसेंबरच्या कोरड्या थंडीत आकसतं, आणि सूर उतरतो. वर्षातून एकदोनदा ट्यूनर बोलवावाच लागतो. ट्यूनरनं उघडून पाहिल्याशिवाय इसार देऊ नका. आणि तुम्ही तिसऱ्या मजल्यावर राहत असाल नि लिफ्ट लहान असेल, तर तो विषय तिथंच सोडा.

बसायचं कसं

पेटीसारखं मांडी घालून नाही, आणि दिवाणावर कीबोर्ड ठेवून वाकून तर मुळीच नाही. पट्ट्यांच्या उंचीला कोपर आलं पाहिजे. जेवणाच्या टेबलाची खुर्ची बहुधा बुटकी पडते, खाली घडी घातलेली सतरंजी ठेवा. पाठ टेकायची नाही, पाय जमिनीवर. लहान मुलांचे पाय लोंबकळत असतील तर खाली पाट द्या. नखं काढलेली असू देत, नाही तर दर पट्टीला टकटक ऐकू येते.

आता हात. पुस्तकात 'बोटं गोलाकार ठेवा' असं लिहिलेलं असतं, त्यातून मला काही उमगत नव्हतं. दिवाळीत रव्याचे लाडू वळताना एकदम लक्षात आलं. लाडू वळताना बोटं जेवढी वाकतात, तेवढीच. मूठ नाही, पंजाही नाही. तसाच हात पालथा करून पट्ट्यांवर ठेवा. बोटांची टोकं टेकतील, अंगठा कडेनं टेकेल.

यापुढचं कुणाकडून तरी करून घ्या. तुमचं कोपर दुसऱ्यानं खालून उचलून धरायचं आणि तुम्ही हात सोडून द्यायचा, झोपलेल्या मुलाचा हात असतो तसा. बहुतेकांना हे जमत नाही. समोरच्यानं हात काढून घेतला तरी आपला हात हवेत तसाच राहतो, म्हणजे आपणच तो धरून ठेवलेला असतो. तो खरोखर मांडीवर पडेपर्यंत पुन्हा पुन्हा करा. मग तेच वजन मधल्या बोटातून एका पट्टीवर पडू द्या. बोटानं ढकलायचं नाही, हात पडू द्यायचा. सूर विझेपर्यंत ऐका, मग मनगट वर घेऊन उचला. रोज असे वीस सूर. कंटाळवाणं वाटतं, पण चौथ्या-पाचव्या दिवशी सूर गोल यायला लागतो आणि आधीचा कसा खडखडत होता ते कळतं. मनगट किंवा हाताचा वरचा भाग दुखला तर तिथंच थांबा. दुखणं म्हणजे मेहनत नव्हे, कुठं तरी ताठपणा आहे.

पट्ट्यांचा नकाशा

इथं पेटीवाल्यांना आयतं घबाड मिळतं. काळ्या पट्ट्या दोन-तीन, दोन-तीन अशा गटांत आहेत. दोनच्या गटाच्या लगेच डावीकडची पांढरी म्हणजे आपली पांढरी एक, पाश्चात्त्य भाषेत सी. तिथून उजवीकडं डी, ई, एफ, जी, ए, बी, म्हणजे पांढरी दोनपासून सातपर्यंत. काळी एक म्हणजे सी शार्प, काळी चार म्हणजे जी शार्प. ८८ पट्ट्यांवर डावीकडून चौथा सी हा 'मिडल सी'. पोट त्याच्या समोर यायला हवं.

एक घोळ सुरुवातीलाच मिटवून टाका. सा हा सी नव्हे. आपला सा चालता-फिरता आहे, गायकाच्या गळ्याप्रमाणं काळी एकला जातो नाही तर काळी चारला. सी मात्र जागेवरून हलत नाही. सुरुवातीला पांढरी एकला सा धरलं की बिलावल थाट आणि सी मेजर (सी पासून सुरू होणारी पाश्चात्त्य सुरावट) एकच होतात, म्हणून सोपं जातं. पण मनात 'सी म्हणजे सा' हे घट्ट बसलं तर पुढं जी मेजर आल्यावर त्रेधा उडते. मी दोन्ही नावं वेगळी ठेवते. बोटाखाली जी आहे आणि तो या सुरावटीतला सा आहे, असं.

पट्ट्यांवर अक्षरांचे स्टिकर लावू नका. लावलेत तर तिसऱ्या आठवड्यात काढून टाका. डोळे स्टिकरवर राहिले की कान झोपतो.

पहिले पंधरा दिवस

दोन्ही हातांचा अंगठा १, करंगळी ५. पेटी शिकताना हे आकडे फारसे कुणी सांगत नाही, इथं मात्र त्यांच्यावाचून पान हलत नाही. उजवा अंगठा मिडल सीवर ठेवला की पाच बोटांखाली सा रे ग म प येतात. हात न हलवता सारेग, रेगम, गमप आणि उलट, हा लहानपणीचा अलंकार. संथ, दर मात्रेला एक सूर. मेट्रोनोमचं अ‍ॅप ६० वर लावा, सेकंदाला एक ठोका.

कंटाळा आला की याच पाच सुरांत एक खरी चाल बसते. बीथोवनच्या नवव्या सिम्फनीतली, १८२४ साली व्हिएन्नात पहिल्यांदा वाजलेली: ग ग म प, प म ग रे, सा सा रे ग, ग रे रे. दुसऱ्या ओळीचा शेवट फक्त रे सा सा असा. ऐकलेली असणारच. घरातलं कुणी तरी आतून गुणगुणायला लागलं, की समजा लय ठीक आहे.

पाचांच्या पुढं जायचं तर अंगठा खालून न्यावा लागतो. उजव्या हातानं सा रे ग १ २ ३, मग अंगठा तिसऱ्या बोटाखालून सरकवून म वर, आणि म प ध नी सां १ २ ३ ४ ५. इथं कोपर झटक्यानं बाहेर जातं, सगळ्यांचंच जातं. ग वाजत असतानाच अंगठा खालून निघाला पाहिजे, म ची वेळ आल्यावर धावाधाव नको. डाव्याचा हिशेब उलटा: सा ते प ५ ४ ३ २ १, मग मधलं बोट अंगठ्यावरून टाकून ध नी सां ३ २ १.

डावा हात, म्हणजे खरी कसोटी

आपल्या डाव्या हातानं पेटीवर भाता ओढला आणि कीबोर्डवर ठेक्याची बटणं दाबली, बोटांचं काम त्याला कुणी दिलंच नाही. अप्पा एकदा हौसेनं पियानोवर बसले आणि उजव्या हातानं एक अभंग सुरेख वाजवला. डावा हात मात्र मांडीच्या वर, हवेतच, पुढं-मागं हलत होता. भाता नाही हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून पहिले तीन आठवडे डाव्याला दुप्पट वेळ द्या. अलंकार आधी डाव्यानं, मग उजव्यानं. मग दोन्ही हात एकत्र आणायला मी तंबोऱ्याची युक्ती वापरली. डावी करंगळी खालच्या सा वर, अंगठा प वर, दोन्ही एकदम दाबून चार मात्रा धरायचे, आणि वर उजव्यानं चाल. दर चार मात्रांनी डावा पुन्हा. मोजायला वन-टू-थ्री-फोर जड जात असेल तर धा धिं धिं धा म्हणा, काही बिघडत नाही. तीनच्या लयीला दादऱ्याचा अर्धा भाग म्हणा.

हे जमलं की सा-प च्या जागी कॉर्ड, म्हणजे एकदम दाबलेले तीन सूर. सुरुवातीला तीनच पुरतात: सा-ग-प, म-ध-सां आणि प-नी-रें. पण त्या अशाच वाजवायला गेलात तर डावा हात पट्ट्यांवर उड्या मारत राहील. सूर तेच ठेवून क्रम बदला: सा-ग-प, मग सा-म-ध, मग खालचा नी-रे-प. हात जवळजवळ जागेवरच राहतो. आणि डावा हळू, उजवा मोठा. दोन्ही हात एकाच जोरानं वाजले की चाल कॉर्डखाली बुडते. टच असलेलं वाद्य घ्या म्हणून मघाशी एवढा आग्रह धरला तो यासाठीच.

पेडलला तीन महिने पाय लावू नका. चुका झाकायला ते फार सोयीचं आहे.

नोटेशन

पाच रेघांचं स्टाफ नोटेशन शिकायलाच हवं, पण पहिल्या महिन्यात त्याच्या मागं धावू नका. उत्तरायुष्यात नाशिकला रामनाम आधाराश्रम चालवणाऱ्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी आणि तिकडं भातखंड्यांनी आपल्या संगीतासाठी लिपी केल्या. त्यात अक्षरं असतात आणि सगळं सा च्या नात्यानं लिहिलेलं असतं. स्टाफमध्ये अक्षर नाही, ठिपका किती उंचीवर आहे ते असतं. ठिपके पायऱ्यांसारखे चढले की बोटं उजवीकडं जातात. तीन खुणा पाठ करा. वरच्या पाच रेघांत खालून दुसरी रेघ म्हणजे जी, खालच्या पाच रेघांत खालून चौथी म्हणजे एफ, आणि दोघांच्या मधोमध छोट्या रेघेवर मिडल सी. बाकीचे सूर या तिघांपासून पायऱ्या मोजत सापडतात. रोज चार ओळी नवीन वाचा, वाजल्या नाही तरी चालेल.

रियाज किती नि कधी

रोज वीस मिनिटं. रविवारी दोन तास बसून आठवडाभराची भरपाई होत नाही. माझी वेळ कणकेनं ठरवली. सकाळी कणीक मळून झाकून ठेवते, ती मुरेपर्यंत वाजवते. तुम्ही सातपूरच्या पहिल्या पाळीला जात असाल तर रात्री हेडफोन लावून बसा. फक्त एक लक्षात ठेवा, आवाज हेडफोनमध्ये गेला तरी पट्ट्यांची धपधप खालच्या घरात ऐकू जाते. स्टँडखाली जाड गालिचा टाका.

सगळ्यात मोठी खोड म्हणजे चुकलं की पहिल्यापासून. परिणाम असा, की पहिली ओळ शंभर वेळा वाजते, चौथी पाच वेळा. आरतीत नाही का, पहिलं कडवं सगळ्यांना पाठ असतं आणि चौथ्याला नुसती गुणगुण. चूक जिथं होते तिथल्या दोनच मात्रा काढा, निम्म्या लयीत पाच वेळा बिनचूक वाजवा, मग आधीची एक मात्रा जोडा, मग पुढची. दर पंधरा दिवसांनी मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. ऐकवत नाही, तरी ऐका.

राग वाजवायची हौस असेल तर एक मर्यादा आधीच सांगते. पियानोवर मींड नाही. एका सुरातून घसरत दुसऱ्यात जाता येत नाही, आणि बारा सुरांमधलं अंतर समान वाटून ठेवलेलं आहे. अशाच कारणांवरून आकाशवाणीनं १९४० मध्ये पेटीला बाहेर ठेवलं होतं, ते १९७१ पर्यंत. भूपाची सरगम छान वाजेल. दरबारीचा आंदोलित, म्हणजे झुलता, गंधार शोधू नका.

शिक्षक

पहिले दोन महिने व्हिडिओवर निघतात, पण आपलं मनगट ताठ आहे हे व्हिडिओ सांगत नाही. आठवड्यातून एकदा का होईना, माणूस हवा. शोधताना आधी अंतर बघा. नाशिकरोडला राहून गंगापूर रोडचा क्लास लावला नि द्वारका चौकात रोज अडकलात, तर तिसऱ्या महिन्यात क्लास सुटतो. मग विचारा, क्लासमध्ये वजनदार पट्ट्यांचं वाद्य आहे का, आणि तासाला एका वेळी किती जण? पहिल्या तासात शिक्षकांनी तुमच्या खुर्चीच्या उंचीला हात घातला तर माणूस बरा. लगेच सिनेमाचं गाणं शिकवायला घेतलं तर जरा थांबा.

परीक्षांचं म्हणाल, तर ट्रिनिटी आणि एबीआरएसएम या दोन्ही लंडनच्या संस्था भारतात परीक्षा घेतात, इनिशियलपासून आठव्या ग्रेडपर्यंत. मुलांना त्यानं शिस्त लागते. मोठ्यांनी हवी तर द्यावी. वर्षभर तेच तीन तुकडे घोटत बसण्यापेक्षा दहा सोपे तुकडे वाजवलेले मला जास्त आवडतात.

सहा महिन्यांनी

तंबोरा, तीन कॉर्ड आणि दोन्ही हातांची पाच-पाच बोटं स्वतंत्र चालायला लागली, की जी मेजरमधला तो प्रसिद्ध मिन्युएट (जुन्या युरोपी नाचाची चाल) घ्या. कित्येक वर्षं तो बाखच्या नावावर खपला, प्रत्यक्षात क्रिस्तियान पेट्झोल्डचा आहे. लय तीनची, सा पांढरी पाचवर, आणि शुद्ध नी साठी काळी तीन लागते. इथं डावा हात नुसता सूर धरून बसत नाही, त्याची स्वतःची चाल आहे. आधी आठवडाभर एकट्या डाव्यानं पहिली ओळ, दुसऱ्या आठवड्यात एकट्या उजव्यानं, तिसऱ्यात दोन्ही हातांनी फक्त पहिल्या दोन मात्रागटांपुरतं. तेवढ्याला माझी वीस मिनिटं पुरी झाली होती, आणि कणीक अंमळ जास्तच मुरली होती.